सोलॉननं सातबारा कोरा केला, मग हुकूमशहा कसा काय आला?

मागच्या अंकात पानाच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती म्हणून जुन्या ग्रीसमधल्या अथेन्स शहराच्या कायदे करणाऱ्यांवर दहा ओळी टाकल्या, इ.स.पू. ६२१ ड्रॅको, ५९४ सोलॉन, ५०८ क्लेइस्थेनिस, एवढंच. खरं सांगतो, मला वाटलं कोणी वाचणार पण नाही. तर बाप्पा, या महिन्यात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच दहा ओळींवर! सगळे घेता येत नाहीत, पाच घेतो. (आणि हो, सोलन नाही, सोलॉन. सोलन हे हिमाचलातलं गाव आहे, दोघांनी विचारलं म्हणून सांगून ठेवतो. आणि खाली ग्रीकांचं जिथं नुसतं साल आहे ते इसवी सनापूर्वीचं समजा, सारखं सारखं लिहून कंटाळा येतो.)

प्रश्न : सर, मी नंदनवनला रूम करून राहते, एमपीएससी करून राहिली. आमच्या नोट्समध्ये एक सरळ बाण काढलेला आहे, ड्रॅको मग सोलॉन मग पिसिस्ट्राटस मग क्लेइस्थेनिस आणि बाणाच्या टोकाला लोकशाही. पण पिसिस्ट्राटस तर हुकूमशहा होता न? लोकशाहीकडे चालले होते तर मधातच हा काहून आला? आणि त्यानं सोलॉनचे कायदे मोडले नाहीत काय?

आधी त्या बाणावर फुली मार. या चौघांपैकी एकालाही आपण लोकशाहीकडे चाललो आहोत असं वाटत नव्हतं, त्यांच्यासमोर त्या त्या दिवशीचं भांडण होतं आणि ते मिटवायचं होतं, बस.

सुरुवात ड्रॅकोच्याही आधी कर. साधारण ६३२ ला किलॉन नावाचा एक पठ्ठ्या, ऑलिम्पिक जिंकलेला, शेजारच्या मेगारा शहराच्या हुकूमशहाचा जावई, त्यानं चार मित्र आणि सासऱ्याची माणसं घेऊन अथेन्सचा किल्ला म्हणजे अक्रोपोलिस ताब्यात घेतला. डाव फसला. तो स्वतः निसटला पण त्याची माणसं देवळात आसऱ्याला बसली, त्यांना जिवाची हमी देऊन बाहेर काढलं आणि मग मारलं. ज्या घराण्यानं हे केलं ते अल्कमेओनिड, त्यांच्यावर देवाचा शाप लागला असं सगळे म्हणू लागले. हे घराणं लक्षात ठेव, पुन्हा येणार आहे. तर गावात अशी मोठ्या घराण्यांची खुन्नस चालू, खुनाला खून चालू, आणि त्याच्या दहा-बारा वर्षांनी ड्रॅकोचा लेखी कायदा येतो. आता लिंक लागली?

मग सोलॉन. ५९४ ला त्याला वर्षभरासाठी आर्कोन म्हणजे मुख्य अधिकारी नेमलं ते कर्जात बुडालेले शेतकरी आणि जमीनवाली घराणी यांच्यातला पंच म्हणून. आणि पंचाचं जे होते तेच झालं, दोन्हीकडून शिव्या. तो कवी होता, त्याच्या कवितांचे तुकडे उरलेत, एका ठिकाणी म्हणतो की कुत्र्यांच्या घोळक्यात लांडगा जसा चहूबाजूंनी वळत राहतो तसा मी वळत राहिलो. त्याला लोक म्हणत होते की तूच सत्ता घे, कशाला सोडतो, तर त्यानं नाही घेतली आणि कायदे करून दहा वर्षांसाठी गावच सोडून गेला, इजिप्त, सायप्रस. कारण काय, तर रोज कोणी ना कोणी दारात येणार, हे कलम बदला, ते कलम समजावून सांगा.

तो गेल्यावर काय झालं हे तुमच्या नोट्समध्ये नसेल. ५९० आणि ५८६ च्या सुमारास दोनदा असं झालं की भांडणापायी आर्कोन निवडताच आला नाही. ग्रीकमध्ये त्याला म्हणतात अनार्खिया, म्हणजे अक्षरशः आर्कोन नसणं. मग दामासिआस नावाचा एक जण निवडून आला तो एक वर्षाच्या जागी दोन वर्षं दोन महिने खुर्चीवरून उठलाच नाही, शेवटी जबरदस्तीनं काढला. म्हणजे कायदा उत्तम, लिहिलेला, चौकात लावलेला, पण तो पाळायला लावणारं कोणी नाही. घराण्यांची ताकद सोलॉननं हलवलीच नव्हती. सपाटीवाले, किनाऱ्यावाले आणि डोंगराकडचे असे तीन गट पडले होते, आणि डोंगराकडच्या गरिबांचा पुढारी झाला पिसिस्ट्राटस.

याचं नाटक ऐक. एक दिवस हा गाडीतून चौकात आला, स्वतः जखमी, खेचरं जखमी, म्हणाला शत्रूंनी मारलं मला. लोकांनी त्याला संरक्षणाला माणसं दिली, सोटेवाले. त्या सोटेवाल्यांना घेऊन यानं अक्रोपोलिस घेतला, साल ५६१ च्या आसपास. जखमा त्यानं स्वतःच केल्या होत्या असं जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. हाकलला. दुसऱ्यांदा आला तेव्हा एक उंचपुरी देखणी बाई शोधली, फिए नाव तिचं, तिला चिलखत घालून रथात उभी केली आणि पुढं माणसं ओरडत चालली की देवी अथेना स्वतः पिसिस्ट्राटसला घरी आणून राहिली. हिरोडोटसलाच हे इतकं बावळट वाटलं की तो म्हणतो, ग्रीकांमध्ये हुशार म्हणवणारे अथेन्सवाले, त्यांच्यावर हे चाललं! पुन्हा हाकलला. तिसऱ्यांदा ५४६ ला पैसा आणि भाडोत्री सैन्य घेऊन आला आणि मग मरेपर्यंत म्हणजे ५२७ पर्यंत राहिला.

आता तुझा खरा प्रश्न, कायदे मोडले का. नाही मोडले, आणि गंमत इथंच आहे. जे होते ते तसेच चालू ठेवले, फक्त पदांवर आपली माणसं बसतील एवढं पाहिलं. त्याच्यावर एकदा खुनाचा आरोप झाला तर स्वतः अरिओपागसच्या कोर्टात हजर राहिला (फिर्यादीच घाबरून आला नाही, ते वेगळं). खेड्यापाड्यांत फिरते न्यायाधीश पाठवले. आता बघ, आधी खेड्यातल्या माणसाचं भांडण कोण सोडवत होतं? तिथलं मोठं घराणं. ते काम सरकारकडं आलं. सोलॉननं कायदा लिहिला आणि घराण्यांना हात लावला नाही, यानं घराण्यांचे पंख छाटले आणि कायद्याला हात लावला नाही, म्हणून मी म्हणतो की सोलॉनचा कायदा लोकांच्या अंगवळणी पडला तो हुकूमशहाच्या राज्यात. पटायला जड जातं, मला पण जड गेलं होतं. आणि हुकूमशहासाठी ग्रीकांचा जो शब्द, 'तुरान्नोस', त्याचा त्या काळचा अर्थ रीत सोडून सत्ता घेतलेला माणूस एवढाच होता, क्रूरच असला पाहिजे असं नाही. क्रूर झाला तो त्याचा मुलगा हिप्पिआस, ५१४ ला त्याच्या भावाचा खून झाल्यावर, आणि ५१० ला स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहराच्या मदतीनं त्याला हाकललं.

क्लेइस्थेनिस थोडक्यात. हा त्याच शापवाल्या अल्कमेओनिड घराण्याचा. इसागोरास नावाच्या विरोधकापुढं हरत होता म्हणून सामान्य लोकांना आपल्या बाजूला घेतलं, इसागोरासनं स्पार्टाचा राजा बोलावला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा किलॉनवाला शाप उकरून काढून ७०० कुटुंबं गावाबाहेर घालवली. तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि त्या राजालाच अक्रोपोलिसवर कोंडून ठेवलं, तिसऱ्या दिवशी तह करून तो निघून गेला. मग क्लेइस्थेनिसनं केली प्रभाग रचना! नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको, महापालिकेच्या इलेक्शनच्या आधी प्रभाग बदलले की कोणाकोणाची झोप उडते. त्यानं जुन्या चार जमाती बाजूला ठेवून दहा नव्या केल्या आणि प्रत्येक जमातीत एक तुकडा शहराचा, एक किनाऱ्याचा, एक आतल्या भागाचा. म्हणजे कोणत्याही घराण्याची हक्काची माणसं एका गठ्ठ्यात राहिलीच नाहीत. सोलॉनची सभा ४०० ची होती ती ५०० ची झाली, प्रत्येक जमातीचे ५०.

पेपरात पिसिस्ट्राटस 'अपवाद' म्हणून लिहू नको, दुवा म्हणून लिही. मार्क कापले तर मला सांग.

प्रश्न : भाऊ, मी काटोलचा, नोकरी नागपूरला, घरी संत्र्याची बाग आन् थोडा कापूस. तुम्ही लिहिलं की सोलॉननं कर्जं माफ केली. म्हणजे आपल्यासारखी कर्जमाफीच ना? मग पुन्हा पुन्हा करावी लागली का त्यांना? आन् त्यात घोटाळा झाला काय?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि डोळ्यांसमोर डिसेंबर आला. अधिवेशन नागपूरला, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चा अडवलेला, आणि धोतर-टोपीतला एक म्हातारा फुटपाथवर बसून भाकर खाऊन राहिला आणि मांडीवर पुठ्ठा, 'सातबारा कोरा करा'. मी तो पुठ्ठा बघितला तेव्हा मला खरोखर सोलॉन आठवला, कारण अथेन्सच्या शेतांत तेव्हा दगड उभे असायचे, त्यांना म्हणत होरोस, आणि या शेतावर दुसऱ्याचा हक्क आहे असं तो दगड सांगायचा. म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा, फक्त कागदावर नाही तर बांधावर उभा. सोलॉन कवितेत म्हणतो, काळी माय माझी साक्ष देईल, तिच्या अंगात जागोजागी रोवलेले दगड मी उपटले, आधी ती गुलाम होती आता मोकळी आहे. तिथं पण काळी आणि तिथं पण माय, बरं का, शब्द त्याचेच आहेत. या कामाला नाव पडलं सेइसाख्थिया, ओझं झटकून टाकणं.

पण आपल्या माफीत आणि त्यात मोठा फरक आहे. तिथं कर्जाला तारण नुसतं शेत नव्हतं, माणूस होता. फेडलं नाही तर सावकार तुम्हाला, पोराला, पोरीला विकू शकत होता, परदेशातसुद्धा. सोलॉन सांगतो की मी असे विकलेले लोक परत आणले, त्यातले काही इतकी वर्षं बाहेर भटकले की त्यांना आपली भाषा बोलता येत नव्हती. ही ओळ मी दरवेळी वाचतो आणि थांबतो. त्याशिवाय हेक्टेमोरोस होते, सहाव्या हिश्श्याचे लोक, बहुतेक अभ्यासकांच्या मते पिकाचा सहावा हिस्सा मालकाकडे पोचवणारे. आपल्याकडच्या बटईच्या मानानं हिस्सा कमी वाटेल, पण चुकला तर थेट गुलाम.

म्हणून त्यानं जुनी कर्जं उडवली ती एकदाच, पण त्यासोबत कायमचा नियम केला की माणसाच्या शरीरावर कर्ज देता येणार नाही. पहिली गोष्ट माफी, दुसरी गोष्ट बंदी, आणि टिकली ती दुसरी. आपल्याकडं वेठबिगारीवर देशभर कायदा आला १९७६ साली, आणि त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकाराचे कर्जरोखेच जाळले होते. दगड उपटा की रोखे जाळा, राग तोच.

घोटाळा? झाला ना! प्लुटार्क नावाचा कितीतरी नंतरचा ग्रीक चरित्रकार लिहितो की सोलॉननं जवळच्या दोस्तांना आधीच सांगितलं की जमिनीला हात लावणार नाही, कर्ज मात्र उडवणार. दोस्तांनी धावतपळत कर्ज उचललं, जमिनी घेतल्या आणि लगेच कर्ज माफ! सोलॉनवर नाव आलं, मग निघालं की त्याचेच पाच टॅलेंट (तेव्हाचं पैशाचं मोठं माप) बुडाले, तेव्हा कुठं तो सुटला. दोस्तांना मात्र लोकांनी कायमचं 'कर्जबुडवे' नाव ठेवलं.

आणि जमीन सारखी वाटून द्या ही मागणी होती, ती त्यानं साफ नाकारली. आता माझं मत सांगतो, पुस्तकात असंच लिहिलं असेल असं नाही. शरीर गहाण टाकता येत नाही आणि जमीन चिमूटभर, तर डोंगराकडच्या छोट्या शेतकऱ्याला उद्या बी-बियाण्याला पैसा देणार कोण? सावकार तर हात आखडणार. तिथं पिसिस्ट्राटस आला आणि त्यानं गरिबांना शेतीसाठी कर्ज दिलं, हे ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यघटनेत आहे. वरच्या ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे भाऊ, माफी एकानं दिली आणि पुढच्या हंगामाचा पैसा दुसऱ्यानं, आणि लोक दुसऱ्याच्या मागं गेले.

प्रश्न : मी सेवानिवृत्त वकील, धरमपेठ. 'ड्रॅकोनियन' म्हणजे अतिकठोर, हा शब्द आम्ही आयुष्यभर कोर्टात वापरला. त्याचा मूळ कायदा प्रत्यक्ष उपलब्ध आहे काय, की केवळ दंतकथा?

वकीलसाहेब, आहे, आणि तो वाचला की शब्द वापरताना तुमची जीभ अडखळेल. ४०९-४०८ मध्ये अथेन्सनं ड्रॅकोचा खुनाचा कायदा पुन्हा दगडावर कोरून घेतला, तो दगड मिळालाय, झिजलेला आहे पण वाचता येतो. आणि पहिलंच कलम फाशीचं नाही! पहिलं वाक्य असं की जरी कोणी पूर्वविचाराशिवाय कोणाला मारलं तरी त्यानं हद्दपार व्हावं. म्हणजे तुमचा तो हेतू असलेला आणि नसलेला फरक तिथं इसवी सनापूर्वी सातव्या शतकात केलेला आहे.

पुढं बघा. माफी द्यायची की नाही हे मेलेल्याचे बाप, भाऊ, मुलगे ठरवणार, पण सगळ्यांचं एकमत पाहिजे, एक जरी नाही म्हणाला तरी माफी नाही. हे नसतील तर चुलत भावापर्यंतचे नातेवाईक, तेही नसतील आणि ५१ एफेताय म्हणजे न्यायपंचांनी खून अनवधानानं झाला असं ठरवलं असेल, तर बिरादरीतले दहा जण. आणि हद्दपार झालेला माणूस हद्दीपासून लांब राहून आहे, तरी त्याला कोणी गाठून मारलं, तर तो खून अथेन्सच्या नागरिकाचा खून धरायचा. सूड बंद करायचा तर सूड घेणाऱ्याला कुठं थांबायचं ते सांगावं लागतं, ते यात आहे.

मग बदनामी कुठून? बाकीचे कायदे सोलॉननं रद्द केले, खुनाचा तेवढा ठेवला. त्या बाकीच्यांत भाजी-फळं चोरली तरी मरणदंड होता असं प्लुटार्क सांगतो. आणि 'रक्तानं लिहिलेले कायदे' हे वाक्य देमादेस नावाच्या वक्त्याचं, तो ड्रॅकोनंतर जवळपास तीनशे वर्षांनी. तीनशे वर्षांनी टाकलेला डायलॉग आणि तोच चिकटला.

एक कलम सोलॉनचं, तुम्हाला आवडेल. आधी ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनीच दाद मागायची, सोलॉननं केलं की पाहिजे त्या नागरिकानं दुसऱ्यासाठी फिर्याद करावी. आणि अधिकाऱ्याच्या निकालावर लोकांच्या कोर्टात अपील. जनहित याचिका म्हणा हवं तर, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

प्रश्न : एक रील पाहिली, त्यात म्हणे कोणत्या तरी ग्रीक गावात नवा कायदा मांडायचा तर गळ्यात फास घालून उभं राहावं लागे. खरं की फेकाफेक? मी मानेवाड्याची, रील पोरानं पाठवली.

ताई, या वेळी पोरगा बरोबर आहे. ते लोक्री, इटलीच्या दक्षिण टोकाकडचं ग्रीक शहर, त्यांचा कायदेकार झालेउकोस. गोष्ट सांगतो डेमॉस्थेनिस, चौथ्या शतकातला वकील. गळ्यात दोर अडकवून कायदा मांडायचा, लोकांना पटला तर दोर काढून घरी, नाही पटला तर तिथंच आवळायचा. तो म्हणतो दोनशेच्या वर वर्षं झाली आणि तिथं एकच नवा कायदा झाला. कोणता? तिथं डोळ्याला डोळा असा नियम होता. एका एकाक्ष माणसाला त्याचा वैरी धमकी द्यायचा की तुझा राहिलेला डोळा फोडतो, माझा एक गेला तरी चालेल. हा बिचारा दोर घालून उभा राहिला, म्हणाला एकच डोळा असलेल्याचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचे दोन्ही काढा. पास झाला. आपल्याकडं हिवाळी अधिवेशनात शेवटच्या दिवशी विधेयकांचा जो ढीग निघतो तेव्हा मला ही गोष्ट आठवते, आणखी काही म्हणत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, महालमध्ये राहतो. प्रोजेक्टसाठी सोलॉनच्या कायद्याचं मॉडेल करायचं आहे. ते दिसत कसं होतं?

बाळा, पुस्तक बनवू नको, सगळे तेच बनवतील. सोलॉनचे कायदे लाकडावर लिहिले होते आणि ती लाकडं चौकटीत आसावर फिरायची, त्यांना म्हणत आक्सोनेस. सीताबर्डीवर गॉगलवाल्याकडं फिरता स्टँड असतो बघ, हातानं ढकलला की पुढची बाजू येते, साधारण तसं काही तरी. प्लुटार्कच्या काळात म्हणजे सहा-सातशे वर्षांनीसुद्धा त्याचे थोडे तुकडे शिल्लक होते, आज काहीच नाही.

लिहिताना एक कर. त्या काळचे ग्रीक बरेचदा एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून लिहायचे, आणि त्या पद्धतीचं नावच आहे बैल वळतो तसं. आजोबा गावाकडं असतील तर त्यांना विचार, नांगराचं एक तास संपलं की धुऱ्याला बैल वळवून दुसरं तास उलटं कसं घेतात. उलट्या ओळीत अक्षरं पण आरशात दिसतात तशी उलटी काढायची. पुठ्ठा जाड घे, आणि आस म्हणून सायकलचा जुना स्पोक वापरू नको, वाकतो, खराट्याची दांडी घे.